कॉलनीच्या ओपन स्पेसला पैसे नेमके कुठल्या खात्यातून मिळतात? (सांगली)

शंभरफुटी (धागाकर्ती) | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीकर, मिरजकर, कुपवाडकर सगळ्यांनाच विचारते आहे, घरपट्टी शेवटी एकाच महापालिकेत जाते.

आमची कॉलनी शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला. बहात्तर घरं. निम्म्या घरांत आता फक्त म्हातारी माणसं, मुलं पुण्यात नाहीतर बंगळुरात. मधोमध एक ओपन स्पेस आहे, साधारण बारा गुंठ्यांचा. त्याच्या एका कोपऱ्यात पाच-सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा निधीतून आलेलं ओपन जिम आहे. सायकलचं एक पेडल निखळलंय, ते कुणीतरी कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीनं बांधून ठेवलंय. पोटाच्या व्यायामाच्या फळीवर सकाळी कॉलनीचं कुत्रं झोपतं. बाकी सगळीकडे काँग्रेस गवत, माझ्या कमरेएवढं. उद्घाटनाचा फलक तेवढा चकचकीत आहे, ग्रॅनाइटचा आहे ना.

यंदा पाडव्याला, म्हणजे २ नोव्हेंबरला, तिथं दिवाळी पहाट करायचं चाललंय. कॉलनीतल्याच दोन मुली गातात, एक आजोबा पेटी वाजवतात, तबल्याला मिरजेचा एक मुलगा येतो म्हणालाय. दीडशे खुर्च्या, साउंड, चहा आणि भडंग धरून अठरा हजारांचा अंदाज आहे. घरटी अडीचशे रुपये वर्गणी काढायची ठरत होती, तेवढ्यात मीटिंगमध्ये एक काका उठले. "घरपट्टी भरतो की आपण! मग वर्गणी कशाला? म्युनिसिपालटीकडनं घ्या." मीटिंग तिथंच फिसकटली.

आता मला खरंच कळत नाही. अशा कार्यक्रमाला महापालिका पैसे देऊ शकते का? आणि कार्यक्रम सोडा, गवत कापणं, दिवे, ते पेडल, हे कुणाचं काम? मी दोन वर्षांत तीन अर्ज दिले. एक गणपतीच्या आठवड्यात, एक मार्चमध्ये, एक यंदाच्या जुलैत. तिन्हींवर आवक शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे. उत्तर एकाचंही नाही. कुणाला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. आपलं कुठं चुकतंय तेवढं समजलं तर हवंय.

भडंग_चहा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पहिलं म्हणजे भडंग कुठनं आणणार ते सांगा, निधीचं मागनं बघू. दीडशे माणसांना घरी करणार असाल तर तिखट जपून, म्हातारी माणसं जास्ती म्हणताय.

वाचतोय. आमच्या संजयनगरातबी हीच रड हाय.

गावभागकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

ताई, दिवाळी पहाट सोडा. शामरावनगरात एक पाऊस झाला की आठ-आठ दिवस पाणी हलत नाही, शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातंय हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि तुम्हाला गाण्याला पैसे पाहिजेत. आधी गटारी, मग गाणी. आणि आज-उद्या आचारसंहिता लागायची आहे, त्यामुळे नोव्हेंबर संपेपर्यंत कुणी फाईल उचलणार नाही.

शंभरफुटी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

गाण्याला पैसे पाहिजेत असं मी म्हटलेलंच नाही, काकांनी म्हटलं. गटारींबद्दल सहमत.

टेबल_नंबर_चार | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

बातमी बघितली, आचारसंहिता लागली. गावभागकरांच्या तोंडात साखर पडो.

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लेखा विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालो, आता विश्रामबागेत राहतो. ताई, तुमच्या तीन अर्जांचे महिने वाचून मला हसू आलं, रागावू नका. गणपतीत निम्मा स्टाफ मंडप परवानग्या, खड्डे आणि विसर्जनाच्या कुंडांवर असतो. मार्चमध्ये सगळे बिलं काढण्यात बुडालेले. जुलैत सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याच्या पातळीशिवाय कुणी काही बघत नाही. अर्ज चुकीचा नव्हता, पण तिन्ही वेळा तो अशा महिन्यात पोचला की टेबलावरच्या माणसाला तो वाचायला फुरसत नव्हती.

आता पैशाचं. लोकांना वाटतं घरपट्टी एका थैलीत पडते आणि त्यातून हवं ते काढता येतं. तसं नसतं. प्रत्येक रुपयाला लेखाशीर्ष, म्हणजे कशावर खर्च करायचा त्याचा हिशेबातला रकाना, असतं आणि एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यावर सहजी टाकता येत नाही. शहराच्या कमाईचा मोठा भाग पूर्वी जकातीचा असायचा, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. सांगलीत व्यापाऱ्यांनी त्यावरून केवढं रान पेटवलं होतं ते आठवत असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तेही उत्पन्न गेलं. त्याबदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देतं, दरवर्षी त्यात आठ टक्के वाढ धरून. ती भरपाई आली की पगार, पेन्शन, विजेची बिलं यातच पुष्कळशी जिरते. म्हणजे शहर चालतं त्यावर, पण नवीन काही उभं राहत नाही.

नवीन उभं राहतं ते अनुदानातून, आणि अनुदान म्हणजे अटी. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा घ्या. आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना त्यातला साठ टक्के बांधून आलेला असतो, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेले चाळीस मोकळे म्हणायचे, पण त्यातून पगार करता येत नाही. नगरोत्थान आणि दलित वस्ती सुधार या सरकारी योजना, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा, यांची प्रत्येकाची चौकट वेगळी. शिवाय आमदाराला वर्षाला पाच कोटी आणि खासदाराला पाच कोटी स्थानिक विकास निधी. तुमचं ओपन जिम बहुतेक असल्याच कुठल्यातरी पैशातून आलं असणार. हा पैसा वस्तू उभी करायला असतो. ती एकदा उभी राहिली की सांभाळायची जबाबदारी स्थानिक संस्थेची. पण संस्थेच्या देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षात आधीच बागा, शाळा, स्मशानभूमी रांगेत उभ्या असतात. पेडल निखळलं ते त्या दोन पैशांच्या मधल्या फटीत.

म्हणून मागणी करायची ती नोव्हेंबर-डिसेंबरात. पुढच्या १ एप्रिलपासूनचं अंदाजपत्रक तेव्हा खात्याखात्यांत जुळवायला घेतात. करांचे दर कायद्यानं २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, त्यामुळे त्यानंतर आलेला अर्ज म्हणजे जेवणं उठल्यावर आलेला पाहुणा. अर्जात "आमच्या ओपन स्पेसचा विकास करावा" असं लिहू नका. विकास म्हटलं की पाच लाखांचं इस्टिमेट आणि मग निधीची वाट. "ओपन जिमच्या चार साहित्यांची दुरुस्ती, देखभाल-दुरुस्ती शीर्षातून" असं लिहा. सोबत फोटो, आणि फोटोमागे मोजमाप.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती जागा कागदावर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

शंभरफुटी | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

काका, हे प्रिंट काढून मीटिंगमध्ये वाचणार आहे. जागा कुणाची म्हणजे? ओपन स्पेस म्हणजे महापालिकेचीच ना?

टेबल_नंबर_चार | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

असायला पाहिजे. सातबारा काढा.

मिरजेची_सतार | १६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

कार्यक्रमाला सरकारी पैसा घेऊ नका, हात जोडून सांगते. मागे एकदा आमच्या गल्लीत एका कार्यक्रमाला कुठूनतरी पैसे मिळाले होते. कार्यक्रम सकाळी सहाचा, पाहुणे आले साडेआठला. तोवर भैरवाचं ऊन झालं होतं. मग सत्कार, नारळ, शाली, भाषणं. गाणाऱ्या बाईंनी शेवटी दोन गाणी म्हटली आणि त्यांची बस होती म्हणून गेल्या.

मिरजेत विसर्जन मिरवणुकीच्या स्वागत कमानी बघायला लोक कुठकुठून येतात. त्या कमानी मंडळं स्वतःच्या वर्गणीवर उभ्या करतात, म्हणूनच त्यांच्यात चुरस असते. वर्गणी दिलेला माणूस कार्यक्रमाला येतो. फुकटचा कार्यक्रम असेल तर तो गच्चीतून ऐकतो आणि आवाज मोठा आहे म्हणून तक्रार करतो.

अवांतर: तबल्याच्या पोराला आधी पैसे सांगा, मग बोलवा. मिरजेचा आहे म्हणजे लाजेनं विचारणार नाही.

पुण्यात_अडकलेला | १७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मूळ गाव सांगली, पोट पुण्यात. इथं २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी पद्धत आहे. आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात एक फॉर्म भरायचा. बाक, फुटपाथ, दिवे, बसथांब्याचं छत असली पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात. मी एक बाक सुचवला होता, मिळाला. आता त्या बाकावर मला कधी जागा मिळत नाही हा भाग वेगळा.

तुमच्याकडे असं काही नाही का?

कृष्णाकाठची | १७ ऑक्टोबर, रात्री ९:००

कायद्याच्या बाजूनं थोडं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तिनं बारावी अनुसूची आणली, शहराच्या संस्थांकडे द्यायचे अठरा विषय. त्यातला बारावा विषय म्हणजे उद्यानं, क्रीडांगणं यांसारख्या सोयी, आणि लगेच पुढचा तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक बाबींना उत्तेजन. म्हणजे धागाकर्तीची बाग आणि तिची दिवाळी पहाट घटनेत शेजारी-शेजारी बसल्या आहेत. आपल्या महानगरपालिका अधिनियमात मात्र कामांचे दोन ढीग आहेत. कलम ६३ ची कामं करावीच लागतात, कलम ६६ ची ऐच्छिक. साफसफाई, दिवे, गटारी पहिल्यात. करमणूक, समारंभ दुसऱ्यात. काकांना एवढंच सांगायचं, की गवत हक्कानं मागता येतं, गाणं मागता येत नाही.

सहभागाचं म्हणाल तर राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद घातली आहे. शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांची सभा, नगरसेवकानं बोलवायची. पण आपल्याकडे ७८ नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. स्थायी समितीही तेच, महासभाही तेच. सभा बोलवायला माणूसच नाही. आणि खरं सांगायचं तर नगरसेवक होते तेव्हा तरी तुमच्यापैकी किती जणांनी क्षेत्रसभा हा शब्द ऐकला होता?

अजिंक्यताऱ्याखाली | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

सातारकर आहे, मध्ये तोंड घालतो. आमची शाहूपुरी २०२० च्या हद्दवाढीपर्यंत ग्रामपंचायतीत होती. तेव्हा ग्रामसभा व्हायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तारखा पाठ होत्या. भांडणं व्हायची, कधी कोरम भरायचा नाही, पण माईक हातात घेऊन "ह्या रस्त्याचं काय झालं" म्हणून विचारता यायचं आणि सरपंचाला तिथंच उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. शहरात आल्यावर दिवे वाढले हे कबूल. पण विचारायची जागा गेली. आता अर्ज द्यायचा आणि शिक्का घेऊन यायचा.

गावभागकर | १८ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

हे बाकी खरं बोललात.

तरी माझं म्हणणं तेच. पूर आला की गाणी कामाला येत नाहीत.

कृष्णाकाठची | १८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

गावभागकर, येतात. सांगते.

आमची गल्ली नदीच्या बाजूला. २०१८ मध्ये कोजागिरीचं दूध करायचं म्हणून मी एका शंभर पानी वहीत यादी केली होती. घर नंबर, नाव, फोन, किती माणसं, कुणाला साखर चालत नाही. दुधाचा हिशेब करायचा म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढलं. आयर्विनला धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रात्री बोट आली, बोटीतली पोरं बाहेरगावची. त्यांनी विचारलं, आत कोण कोण आहे? कुणालाच धड सांगता येईना. तेव्हा ती वही आठवली. साखर चालत नाही म्हणून लिहिलेली अकरा घरं, म्हणजे मधुमेहाची म्हातारी माणसं. त्या अकरा घरांत बोट आधी नेली. एका घरात आजी माळ्यावर बसल्या होत्या, खाली छातीएवढं पाणी. हाक मारल्यावर ओ देत नव्हत्या, नावानं हाक मारल्यावर दिली.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा वही तयारच होती. आता ती दरवर्षी कोजागिरीला नव्यानं लिहितो. परवाच लिहिली.

गावभागकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वाचलं. २०१९ ला माझी आई पण तशीच अडकली होती. आमच्या बोळात वही नव्हती.

शंभरफुटीताई, पहाटेला माझे पाचशे धरा. कॉलनीतला नसलो तरी.

भडंग_चहा | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

वही मीबी करायला घेतोय. आमच्याकडं पुराचं पाणी येत नाही, पण म्हातारी हायतच की.

निर्मळ_नाला | १९ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

गवताचं मी सांगतो, शेतीखात्याशी संबंध आहे. काँग्रेस गवत म्हणजे गाजर गवत. ते कापू नका, कापलं की बुडातून चार फुटवे येतात. मुळासकट उपटायचं, जमीन ओली असताना, फुलं यायच्या आधी. आता फुलं आलीच असणार, म्हणून हातमोजे, तोंडाला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. दम्याच्या माणसाला तिकडे फिरकू देऊ नका. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा असतो, पण तो पावसाळ्यात काम करतो, आता उपयोग नाही. पुढच्या जूनला सोडा.

आणि गवतासाठी बांधकाम विभागाला अर्ज कशाला? तुमच्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकाला भेटा. सकाळी साडेसहाला हजेरी शेडवर सापडतात. दहानंतर नाही.

शंभरफुटी | २२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

दोन गोष्टी झाल्या.

एक, हजेरी शेडवर गेले. निरीक्षकांनी ऐकून घेतलं, निवडणुकीच्या कामात माणसं गेलीत म्हणाले, तरी तीन माणसं आणि एक ट्रॅक्टर अर्ध्या दिवसासाठी देतो म्हणाले. तोंडी. अर्जाशिवाय. दोन वर्षं मी चुकीच्या खिडकीवर उभी होते म्हणायचं.

दुसरी जास्त मोठी. टेबलकाकांनी सांगितलं म्हणून सातबारा काढला, ऑनलाइन, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. इतर हक्काच्या रकान्यात "खुली जागा" असं लिहिलेलं आहे. पण वर नाव महापालिकेचं नाहीच! मूळ जमीनमालकाचं आहे, ज्याच्या शेतात आमचे प्लॉट पडले त्याचं.

टेबल_नंबर_चार | २२ ऑक्टोबर, रात्री ९:४५

वाटलंच होतं. तुमच्या तीन अर्जांचं उत्तर त्या पंधरा रुपयांत आहे.

शेताचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती रेखांकनात दाखवतात, प्लॉट विकले जातात, घरं उभी राहतात. पण ती मोकळी जागा ताब्यात देऊन फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल, करून घ्यायचं काम राहून जातं. मालकाला घाई नसते, घेणाऱ्यांना आपापल्या प्लॉटची पडलेली असते. तुमचं रेखांकन कधीचं?

शंभरफुटी | २२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

आमचं घर १९९६ चं. त्याच्या आधीचंच असणार.

टेबल_नंबर_चार | २२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

म्हणजे महापालिका तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती ९ फेब्रुवारी १९९८ ची. कागद एका दप्तरातून दुसऱ्यात जाताना काय राहिलं, काय गेलं, देव जाणे. ज्या जागेवर संस्थेचं नाव नाही तिच्यावर खर्च टाकला तर उद्या लेखापरीक्षणात तो आक्षेप म्हणून येतो. कनिष्ठ अभियंत्याला हे माहीत असतं, म्हणून तो फाईल पुढे ढकलत नाही आणि तसं लिहूनही देत नाही. मग जिम कसं बसलं विचाराल, तर त्या वेळी कुणी सातबारा मागितला नसणार.

आता करायचं ते असं. नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "का" असं एकदाही विचारू नका. का याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. मंजूर रेखांकनाची प्रत मागा आणि खुली जागा हस्तांतरित केल्याचं पत्र असेल तर त्याची प्रत मागा. तीस दिवस. पत्र नसेल तर "अभिलेखात आढळून येत नाही" असं लेखी येईल. ते लेखी सोन्याचं. मग मूळ मालक किंवा वारस यांच्याकडून ताबा दिल्याचं लिहून घ्यायचं आणि फेरफाराला टाकायचं.

मिरजेची_सतार | २२ ऑक्टोबर, रात्री ११:००

वारस सापडले तर. तीस वर्षांत ते कुठल्या कुठे गेले असतील.

शंभरफुटी | ३ नोव्हेंबर २०२४, दुपारी २:००

भाऊबीज आटोपून लिहितेय. पहाट झाली!

ट्रॅक्टर आला होता, गवत उपटलं, निम्मं आम्ही उपटलं. हातमोजे भांडी घासायचे होते, फाटले. आवाजाला सहाच्या आधी परवानगी नाही म्हणून बरोब्बर सहाला सुरू केलं. आचारसंहितेमुळे पाहुणे बोलवायचा प्रश्नच मिटला, एकही नारळ फुटला नाही. खुर्च्या रात्रीच लावून ठेवल्या होत्या, ती चूक. दवानं सगळ्या ओल्या. पेटीवाल्या आजोबांच्या घरातनं दोन जुनी धोतरं आली, ती फाडून दीडशे खुर्च्या पुसल्या. कुत्रं पहिल्या रांगेत. मिरजेच्या मुलानं तबला इतका छान वाजवला की मुली गायच्या थांबून ऐकायला लागल्या. त्याला आधी पैसे सांगितले होते.

वर्गणी ६४ घरांनी दिली. "घरपट्टी भरतो की" वाले काका आले, मागं उभे राहिले, चहा घेतला नाही. जाताना माझ्या हातात पाचशेची नोट कोंबली आणि पावती नको म्हणाले. मी पावती दिली.

चहाच्या टेबलावर वही ठेवली होती. भडंग घ्यायला आलेल्या प्रत्येकाकडून लिहून घेतलं. कृष्णाकाठचीताई, साखरेचा रकाना ठेवला.

भडंग_चहा | ३ नोव्हेंबर, दुपारी २:२०

भडंग पुरलं का?

शंभरफुटी | ३ नोव्हेंबर, दुपारी २:२५

नाही.

पुण्यात_अडकलेला | ३ नोव्हेंबर, रात्री ८:००

फोटो टाका की. दिवाळीला घरी यायला जमलं नाही यंदा.

शंभरफुटी | २८ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:३०

निवडणूक झाली, आचारसंहिता उठली, लगेच दोन अर्ज दिले. एक दुरुस्तीचा, टेबलकाकांनी सांगितलेल्या भाषेत, चार साहित्यं, आठ फोटो, मोजमापं मागे. दुसरा माहिती अधिकाराचा. खिडकीवरच्या बाईंनी फोटो उलटून बघितला आणि म्हणाल्या, "मागं लिहून आणलंय? कुणी सांगितलं?" मी म्हटलं, एक काका आहेत.

टेबल_नंबर_चार | २८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

नाव सांगू नका कुणाला.

गावभागकर | २ जानेवारी २०२५, सकाळी ७:३०

ताई, काय झालं? तीस दिवस होऊन गेले.

शंभरफुटी | ४ जानेवारी २०२५, रात्री १०:१०

कालच पोस्टानं आलं. रेखांकनाची प्रत आहे, पिवळी पडलेली, शिक्का नगरपालिकेचा. हस्तांतरणाच्या पत्राबद्दल काकांनी सांगितलेली ओळ शब्दशः: "अभिलेखात आढळून येत नाही."

रेखांकनावर अर्जदार म्हणून मूळ मालकाचं पूर्ण नाव आणि आडनाव आहे. सातबाऱ्यावर आडनावाचं पहिलंच अक्षर चुकलं होतं, म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आडनाव वाचलं आणि मी कागद घेऊन समोरच्या गल्लीत गेले. मिरजेची सतारताई, वारस कुठल्या कुठे गेले नव्हते. आमच्यापासून नवव्या घरात राहतात. ते म्हणजे वर्गणी कशाला म्हणणारे काका. शेत त्यांच्या वडिलांचं. स्वतःसाठी एक प्लॉट ठेवून बाकी विकले, आणि मधली जागा नावावरच राहून गेली हे काकांना माहीतच नव्हतं.

काका बराच वेळ चष्मा वर-खाली करत नकाशा बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं ते काँग्रेस गवत माझंच होतं की काय?"

भडंग_चहा | ४ जानेवारी, रात्री १०:१२

आईशप्पथ.

टेबल_नंबर_चार | ४ जानेवारी, रात्री १०:३०

दोन बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या लागतील. आधीच विचारून घ्या, नाहीतर फेरफाराला हरकत येते.

शंभरफुटी | ४ जानेवारी, रात्री १०:४१

एकच बहीण आहे, इस्लामपूरला. काकांनी माझ्यासमोर फोन लावला. त्या म्हणाल्या, सही करते, पण पुढच्या पाडव्याला मला गाडी पाठवा, गाणं ऐकायला यायचंय. सोमवारी जाऊन सही घेऊन येतोय. पेडलला तोवर मी नवीन दोरी बांधली आहे.